पाचव्या गाण्यातली शिटी

अभिमनने पेपर मोठ्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा सुकदेव नागपूर पॅसेंजरच्या सातव्या डब्यापाशी रुळात उभा होता, आणि त्याचा हातोडा चाकावर पडायचा तो बाजूच्या खडीवर पडला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. गाडी भुसावळच्या फलाटाला लागली की खाली उतरायचं, लांब दांड्याचा हातोडा मनगटाच्या एका झटक्याने चाकावर टाकायचा आणि कान द्यायचा, एवढंच त्याचं काम. धड चाक टण्ण बोलतं. भेग गेलेलं चाक भद्द बोलतं, ओल्या मडक्यासारखं, आणि मग डब्यावर खडूने सिक, म्हणजे आजारी, असं लिहायचं आणि डबा कापायला लावायचा, मग आत लग्नाचं वऱ्हाड का बसलेलं असेना. फलाटाच्या कडेला पाय सोडून अभिमन बसला होता. लोको शेडमधला फिटर, धुळ्याकडचा, वीस वर्षांपासूनचा दोस्त. तो वाचत होता आणि वरून एकेक वाक्य सुकदेवच्या डोक्यात पडत होतं. ‘चार गाणी घशातून आली. पाचवं मात्र टेपच्या डब्यातून आलं. अठरा वर्षांनी एकत्र आलेल्या या मंडळींनी आपल्याच जुन्या आवाजाची चोरी केली आणि गावाने त्या चोरीला टाळ्या दिल्या.’ वाक्यं ओळखीची होती. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी रात्री, तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर सुकदेवने ती स्वतःच्या हाताने लिहिली होती.

“डबामाईन म्हने,” अभिमन म्हणाला. “दिलवरसिंगना आवाज डबामाईन येस?”

“कोणी लिहिलं?” सुकदेवने विचारलं, आणि आपण हे विचारलं याचाच त्याला धक्का बसला.

“कोनी म्हंजे? वर काय छापेल शे? भुसावळ, वार्ताहर. वार्ताहर म्हंजे जीवराम नाना. दुसरा कोन शे गावमा?”

ते खरंच होतं. जळगावहून निघणाऱ्या त्या दैनिकात भुसावळची बातमी कुणाचीही असो, चोरीची, सत्काराची, नळाला पाणी न आल्याची, ती कंसातल्या ‘वार्ताहर’ या एका शब्दाखाली यायची आणि तो शब्द म्हणजे स्टेशनसमोर पेपरची टपरी चालवणारा जीवराम नारखेडे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकत होतं. कुणी काही लिहून आणून दिलं तर नाना चष्मा कपाळावर चढवून वाचायचा, लाल पेनाने दोन शब्द खोडायचा, पाकिटात घालायचा आणि संध्याकाळच्या पॅसेंजरच्या गार्डाकडे द्यायचा. कुणी दिलं ते कधी सांगायचा नाही. माझ्या नावावर जातं ते माझं, असं म्हणायचा आणि पानाची पिचकारी मारायचा. सोमवारी सुकदेवने फॉर्म दिला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला होता. “कडक आहे रे बुवा,” एवढंच म्हणाला होता. “खरं आहे का पण?” सुकदेवने हो म्हटलं होतं. “मग जाऊ दे गाडीत.”

आठवा डबा, नववा डबा. हातोडा पडत होता, पण कान चाकाकडे नव्हता. वरून अभिमन शिव्या देत होता. आपण घाबरलोय असं आधी सुकदेवला वाटलं. मग कळलं, नुसती भीती नाही, मजाही वाटतेय. आपण लिहिलेलं कुणाला तरी एवढं लागलं. रविवारी रात्री लिहितानाही अशीच मजा वाटली होती, हे त्याला आता नाकारता येईना. घरात सगळे झोपले होते, कंदिलाएवढ्या बल्बखाली तो पेन दाबून लिहीत होता, इतकं दाबून की फॉर्मच्या पुढच्या बाजूला अक्षरं उमटली. गाणाऱ्या दिलवरला सांगायचंच होतं तर त्याच्याकडे जाऊन सांगता आलं असतं. तो दोन दिवस ड्रमवाल्या बन्सीलालच्या घरी उतरला होता, पायी दहा मिनिटांवर. जाऊन म्हणता आलं असतं, भाऊ, हे बरं नाही केलंस. पण तसं सांगायचं नव्हतं त्याला. त्याला मारायचं होतं. बापाने लहानपणी सवय लावलेली, रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. बाप रेल्वेतला हरकाम्या खलाशी, अक्षरशत्रू, पण भीमजयंतीच्या जलशात ढोलकीला बसला की पोलिसांचे घोडेसुद्धा कान टवकारायचे. बाप म्हणायचा, बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. ते राहावं, उद्या दिलवरच्या पोरांनीही वाचावं, एवढा राग सुकदेवला आला होता. आणि एवढा राग माणसाला परक्याचा येत नाही.

कारण ती शिटी त्याची होती. त्र्याहत्तर साली रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ‘डिस्टंट सिग्नल’ या बँडचा कार्यक्रम झाला तेव्हा चौघेही पंचविशीच्या आतले होते. गिटारवर गार्डाचा मुलगा डेरिक, ड्रमवर बन्सीलाल, बेसवर कुणी एक मद्रासी जो पुढे बदलून गेला, आणि गायला दिलवरसिंग, सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा आदिवासी वस्तीतून गँगमन बापाच्या मागोमाग आलेला, शेडमध्ये कोळसा उपसणारा खलाशी. असला बँड तेव्हा मुंबईकडे कॉलेजातल्या पोरांचा असायचा. इथे शेडमधली पोरं वाजवायची, आणि नखातली काजळी तशीच ठेवून. पाचवं गाणं त्यांचं स्वतःचं होतं. आईकडून ऐकलेली होळीची पावरी चाल दिलवरने गिटारवर चढवली होती, आणि शेवटच्या कडव्यात तो असा वर जायचा की गळ्याच्या दोन शिरा दोरखंडासारख्या उभ्या राहायच्या आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, आता तुटेल. सुकदेवने इन्स्टिट्यूटचा स्पूलचा टेपरेकॉर्डर हातापाया पडून मागून आणला होता. माइक लावायला जागा नव्हती म्हणून तो यार्डाकडच्या खिडकीच्या गजाला बांधला. आणि नेमका दिलवर त्या शेवटच्या सुरावर पोचला तेव्हा यार्डात शंटिंगच्या वाफेच्या इंजिनाने शिटी मारली, लांब, शेवटी जराशी घरंगळणारी. सुकदेव तेव्हा रडकुंडीला आला होता. गाणं नासलं म्हणून. पण टेप ऐकली तर शिटी आणि आवाज एकमेकांत असे मिसळले होते की कुणी मुद्दाम केलं असतं तरी जमलं नसतं.

पुढच्या वर्षी संप झाला. त्या वीस दिवसांत बँड रोज गेटसमोर गायला, हातगाडीवर चढून, आणि संप मोडल्यावर दिलवरसिंगची नोकरी गेली ती गेलीच. डेरिक ऑस्ट्रेलियाला गेला. दिलवर नरडाण्याकडे एका जिनिंगमध्ये लागला आणि कापसाची धूळ गिळत राहिला. राहिली ती टेप. तिच्यावरून कॅसेट झाली, कॅसेटवरून कॅसेटी झाल्या, शेडमध्ये, क्वार्टरांत, बारशाला, रिटायरमेंटच्या पार्टीला ती वाजत राहिली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनी ती ऐकली, ज्यांनी माफीनामे लिहून दिले आणि परत कामावर चढले त्यांनी जास्तच ऐकली. अभिमन दुसऱ्यातला. सुकदेवही. तो माफीनामा सुकदेवने आठ जणांचा लिहून दिला होता, अक्षर चांगलं म्हणून. शिटी आली की सगळे मिळून तोंडाने शिटी मारायचे. एकोणीस वर्षं ती शिटी गाण्याचाच भाग होती, कडव्यासारखी, आणि गावाच्या कानाला वाफेची असो की डिझेलची, शिटी काही नवी नव्हती.

डेरिक या फेब्रुवारीत बायको-मुलांना घेऊन जुनं गाव दाखवायला आला आणि कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला. रविवारी इन्स्टिट्यूटच्या मैदानावर पाच हजार माणसं होती. दिलवरसिंग स्टेजवर आला तेव्हा लोक उभेच राहिले. केस गेले होते, शर्ट नवा होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. पहिली चार गाणी तो खरखरत गायला, वर जायच्या जागी खाली उतरला, एकदा तर मध्येच खोकला आणि लोक खोकल्यालाही ओरडले. सुकदेवने ते सगळं मान्य केलं. रडलाही तो. जुनं चाक आहे, घासलंय, पण भेग नाही. मग पाचवं. दिलवरने डोळे मिटले, तोंड माइकला भिडवलं आणि तो वर गेला, थेट त्र्याहत्तर साली गेला होता तिथपर्यंत, आणि त्याच क्षणी मैदानावर वाफेच्या इंजिनाची शिटी वाजली, लांब, शेवटी घरंगळणारी. पाच हजार माणसांनी तोंडात बोटं घालून तिला शिटी दिली. अभिमन ढसाढसा रडत सुकदेवच्या गळ्यात पडला. भुसावळातून वाफेची इंजिनं जाऊन किती वर्षं झाली होती. त्या पाच हजारांतली चार हजार माणसं इंजिनांच्याच जिवावर जेवत होती आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. सुकदेव अभिमनच्या खांद्यावरून बघत होता. दिलवरच्या गळ्यावर शिरा उभ्या नव्हत्या.

चार वाजता ड्यूटी सुटली तेव्हा शेडच्या कँटीनमध्ये पंधरा-वीस जण जमले होते. टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर चहाचे गोल डाग. कुणी बातमी दिली, धुळ्याच्या संयोजकाने सकाळीच फोन करून येत्या रविवारचा कार्यक्रम रद्द केला. डब्याची गाणी ऐकायला लोक तिकीट कशाला काढतील, असं म्हणाला. डेरिक दुपारच्या गाडीने मुंबईला निघून गेला होता.

“दिलवरले मी सोता वाचीसन दाखाडं,” अभिमन म्हणाला. “बस स्टँडवर. काहीच बोलना नही. पेपरनी घडी करी अन् खिसामा टाकी लिधी. माले त्याना तोंडकडे देखवाये नही.”

सुकदेवला ती घडी दिसली. नव्या शर्टाच्या खिशात गेलेली. दिलवरने वाचलं आणि तो काही बोलला नाही, म्हणजे त्याने कबूल केलं. हे या खोलीत फक्त सुकदेवला एकट्याला कळत होतं आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता. सकाळची मजा कुठल्या कुठे गेली होती. आता बोलावं, त्याला वाटलं. आत्ता, चहा गरम आहे तोवर. म्हणावं, शिटी आठवा रे, रविवारची शिटी, ती कुठल्या इंजिनाची होती? दोन मिनिटांत सगळ्यांना पटलं असतं. पण पटलं असतं तर काय झालं असतं ते त्याने मनात बघितलं. या माणसांकडे त्या कॅसेटशिवाय होतं काय? संप हरला, माफीनामे लिहिले, पोरांच्या नोकऱ्यांसाठी साहेबांच्या दारात उभे राहिले, आणि घरी येऊन त्यांनी ती शिटी ऐकली की सगळं धुऊन निघायचं. ती शिटी खोटी ठरवणाऱ्याला ते सोडणार नव्हते. आणि सुकदेवला मार खायचा नव्हता. एवढंच खरं होतं, बाकी सगळी सजावट होती. तो चहा पीत राहिला.

“त्या म्हातारानं पैसासनं एक पाकीट मांगेल व्हई, भेटनं नही म्हनीसन लिखं,” कुणीतरी म्हणालं.

“ज्या हातनी लिखं तो हात तोडानां,” अभिमन म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली. “पुढला येळे पेन धराना पहिले याद इयी.” मग त्याची नजर सुकदेवकडे वळली. “तू का बरं चूप शे?”

“मी येतो ना,” सुकदेव म्हणाला.

स्टेशनसमोरच्या रस्त्याने ते निघाले तेव्हा साडेसहा वाजत होते, दिवे लागत होते, केळीचे ट्रक वळत होते आणि रिक्षावाले गिऱ्हाइकांसाठी ओरडत होते. पंधरा माणसं रस्त्याच्या मधून चालली की गाव आपोआप बाजूला होतं. सुकदेव मध्यभागी होता आणि खांद्यावर हातोडा होता, कारण ड्यूटीवरून तो तसाच आला होता आणि हातोडा ठेवायला घरी जाण्याइतका वेळ आपण का काढला नाही हे त्याला पुढे कितीही दिवस सांगता येणार नव्हतं. पायांना चांगलं वाटत होतं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट. गेटसमोरच्या त्या वीस दिवसांनंतर इतकी माणसं एकदम एका दिशेने चालली नव्हती. कुणीतरी पाचव्या गाण्याची शिटी मारली आणि मागच्यांनी उचलली. सुकदेवच्याही ओठांचा चंबू झाला होता.

जीवराम नाना स्टुलावर बसून उरलेले अंक मोजत होता. माणसं बघून त्याने चष्मा कपाळावर चढवला. पहिला दगड टपरीच्या काचेला लागला आणि काच मासिकांवर सांडली. दोघांनी त्याला काखेत धरून उभा केला. धोतराचा सोगा स्टुलात अडकून फाटला. बोरीच्या काटकीसारखा म्हातारा, त्याला धरायला दोघं लागतच नव्हते. अभिमनने पेपर त्याच्या नाकासमोर धरला.

“हाई कोनी लिखं?”

नानाची नजर पेपरवर गेली, मग माणसांवरून फिरत फिरत सुकदेववर आली आणि एक क्षण तिथे थांबली. त्या नजरेत राग नव्हता. सोमवारी फॉर्म वाचून झाल्यावर होती तशीच होती, खरं आहे का पण, असं विचारणारी. सुकदेवने तोंड उघडलं. शब्द आलाही असता. पण नाना आधी बोलला.

“मी लिहिलं. माझ्या नावावर जातं ते माझंच.”

अभिमनने त्याच्या मुस्काटात मारली. चष्मा गेला. उजवा हात ओढून गल्ल्याच्या फळीवर दाबून धरला, पंजा उघडा, बोटांना शाई लागलेली. गर्दी जवळ आली. आणि मग अभिमनने मागे वळून बघितलं, आणि तो जे म्हणाला ते इतक्या प्रेमाने म्हणाला की सुकदेवला नंतर सगळ्यात जास्त तेच आठवत राहिलं.

“हातोडा तुना शे. टेप बी तुनी व्हती. पहिला तू मार भो.”

माणसाला विचार करायला जितका वेळ लागतो तितका वेळ तिथे होता. हे त्याने स्वतःला पुढे पुष्कळदा सांगून पाहिलं, की नव्हता, गर्दी होती, ढकललं कुणी. पण वेळ होता. बोटं मोजता येतील एवढा. तर्जनीच्या पेरावर पेनाचा घट्टा होता तो दिसण्याइतका. त्याने हातोडा उचलला आणि मनगटाने तो सवयीने टाकला, चाकावर टाकतो तसाच, जोर न लावता, कारण जोराची गरज नसते, वजन हातोड्याचंच असतं. आणि सवयीनेच त्याचा कान पुढे झाला. भद्द असा आवाज आला. नाना ओरडला नाही, त्याच्या तोंडातून नुसता वारा निघाला आणि पानाची लाल लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरली. मग हातोडा सुकदेवच्या हातातून कुणी काढून घेतला आणि बाकीच्यांनी टपरीचं काय केलं, फळ्या कशा उखडल्या, अंकांच्या गठ्ठ्यांना काडी कुणी लावली, ते त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही. जळता कागद वर उडत होता. अभिमन दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून कानात काहीतरी म्हणत होता आणि सुकदेवला ते ऐकू येत नव्हतं. कानात तो एकच आवाज बसला होता, आणि त्या आवाजावर खडूने काय लिहायचं हे त्याला बावीस वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नानाच्या घरी गेला तेव्हा पोलीस येऊन गेले होते. नानाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. चष्मा नव्हता, दिसलं नाही, एवढंच म्हणाला होता. कॉटवर उशीला टेकून तो बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गाल सुजलेला. त्याची बायको, भागाबाई, दारातच सुकदेवला म्हणाली, “बरं झालं आलास. कालपासून लिहायला माणूस शोधतायत.” तिला काही ठाऊक नव्हतं. तिने त्याला चहा दिला, आणि तो त्याने घेतला.

“नाना,” तो म्हणाला.

“बस,” नाना म्हणाला. “कागद त्या ट्रंकेवर आहेत. पाचच्या पॅसेंजरला पाकीट गेलं पाहिजे. माझ्यावर हल्ला होतो आणि माझ्याच पेपरात बातमी नाही, हे कसं दिसेल? लिही. भुसावळ, तारीख एकोणीस, कंसात वार्ताहर.”

सुकदेवने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं येत होतं.

“येथील वृत्तपत्र विक्रेते श्री. जीवराम नारखेडे, वय चौसष्ट, यांच्यावर काल सायंकाळी साडेसहाच्या सुमारास काही अज्ञात इसमांनी हल्ला करून...” नाना थांबला. सुजलेल्या गालामुळे त्याला शब्द चघळावे लागत होते. “अज्ञात लिहिलंस?”

पेन थांबलं होतं. अज्ञात इसम. सोपा, गुळगुळीत शब्द, रोज पेपरात येणारा. नाना तो त्याला देत होता, जसा त्याने परवा वार्ताहर हा शब्द दिला होता, आत शिरून दार लावून बसायला. बाहेर कॉलनीत कुठेतरी कॅसेट लागली होती. पाचवंच गाणं. सुकदेवने कान दिला. आवाज वर गेला, शिटी आली, घरंगळली. आता ती नुसती शिटी होती. एका यार्डातल्या एका इंजिनाची, ज्याचा ड्रायव्हरही मेला असेल. त्याने अज्ञात खोडलं. इसमांनी खोडलं. त्या जागी लिहिलं आणि पेन इतकं दाबलं की खालच्या ट्रंकेचा पत्रा वाजला.

“वाच,” नाना म्हणाला.

बापाला वाचून दाखवायचा तसं त्याने मोठ्याने वाचलं. “यांच्यावर काल सायंकाळी साडेसहाच्या सुमारास सुकदेव सुरवाडे, वय बेचाळीस, रेल्वे कर्मचारी, याने हातोड्याने हल्ला करून त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. ‘डिस्टंट सिग्नल’च्या कार्यक्रमाबद्दल ज्या मजकुराचा राग धरून हा प्रकार घडला, तो मजकूरही याच सुरवाडे याने लिहिला होता.”

दारात भागाबाई उभी होती, हातात रिकामी कपबशी. ती कपाकडेच बघत राहिली.

“बाकीच्यांची नावं?” नानाने विचारलं.

“त्यांची त्यांनी लिहावीत.”

“नोकरी जाईल रे.”

“हो.”

“वय कशाला घातलंस?”

“नावापुढे वय पाहिजे, असं तुम्हीच एकदा सांगितलं होतं.”

नाना हसला की कण्हला ते कळलं नाही. डाव्या हाताने त्याने उशीखालून लाल पेन काढलं, कागद मांडीवर ओढून घेतला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात वर लिहिलं, अवश्य घेणे. काही खोडलं नाही.

पाचच्या पॅसेंजरच्या गार्डाने पाकीट घेतलं आणि नानाची तब्येत विचारली. सुकदेवने बरी आहे म्हटलं. गाडी सुटली तेव्हा तो फलाटाच्या टोकाला उभा होता, हातात हातोडा नसल्याने हात विचित्र हलके वाटत होते. पाकीट तासाभरात जळगावला पोचेल, रात्री छापलं जाईल आणि सकाळी साडेसातला गठ्ठे परत येतील. टपरी जळाली होती, पण गठ्ठे फलाटावरच पडतात आणि शेडमधलं कुणी ना कुणी जाताजाता एक अंक ओढून घेतं. बहुतेक अभिमनच घेतो. फलाटाच्या कडेला बसून, पाय खाली सोडून, मोठ्याने वाचायची त्याची जुनी सवय होती.